जरा मोकळं बसतो

"जरा मोकळं बसतो," असे म्हणून मास्तर उजव्या हाताची दोन बोटे तोंडात घालत.

मोकळे बसायचे म्हणजे तुम्ही-आम्ही काय करतो? टोपी काढतो, शर्टाचे वरचे बटण सोडतो, फार तर पाय वर घेतो. मास्तर दात काढत. आधी वरची कवळी, मग खालची. चिखलातून पाय उपसावा तसा आवाज होई. कवळीपासून ओठापर्यंत लाळेची एक तार लोंबे. ती ते मनगटाने तोडत, मनगट पायजम्याला पुसत आणि दोन्ही कवळ्या आमच्या टीपॉयवरच्या वर्तमानपत्रावर ठेवत. बहुधा अग्रलेखावर. माझा अग्रलेख वाचायचा राहिलेला असे.

मग त्यांचे गाल आत जात, हनुवटी नाकाकडे सरके आणि त्या पोकळ तोंडाने ते म्हणत, "हां. आता बोला."

मला काय बोलायचे असणार? माझी नजर त्या गुलाबी हिरड्यांवर खिळलेली असे. फटीत अडकलेला पोह्याचा कण मला दिसे. एखादी माशी घिरट्या घाली. मास्तर हातातल्या रुमालाने ती हाकलत आणि त्याच रुमालाने नाक पुसत.

मास्तर आता नाहीत. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना आपण त्याचे दात काढून बाजूला ठेवतो आणि डोळे, स्वभाव वगैरे वर्णन करतो. मला तसे करता येणार नाही. मला मास्तरांची किळस येत असे. तुम्हीही त्या खोलीत असता तर तुम्हालाही आली असती. तो आधार मी बरीच वर्षे स्वतःला दिला. तो कितपत खरा, तेच मला इथे सांगायचे आहे.

आम्ही दोघे सोलापुरात एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवत असे, ते चित्रकला. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. करकंबच्या बाजूच्या एका लहान गावचे, वेशीबाहेरच्या वस्तीत जन्मलेले. मुलेबाळे नव्हती, बायको फार पूर्वी गेली होती. सात रस्त्याच्या अलीकडे आमच्याच गल्लीत एका खोलीत राहत आणि दर रविवारी सकाळी पेपर वाचायला आमच्याकडे येत.

शाळेतले मास्तर अगदी वेगळे. इस्त्रीचा सदरा, कोरलेली मिशी आणि छापल्यासारखी मराठी. "मुलांनो, आज आपण पेल्याचे चित्र रेखाटणार आहोत. पेल्याचे तोंड गोल असते, परंतु ते आपणांस लंबगोल दिसते." इन्स्पेक्टर आले की हेडमास्तर त्यांनाच प्रास्ताविक करायला लावीत. शाळेत त्यांच्या तोंडून कधी एक 'हाय' किंवा 'न्हाय' मी ऐकला नाही. ती सगळी भाषा त्या कवळीबरोबर येई आणि कवळीबरोबर जाई. आमच्या टीपॉयवर दात ठेवले की मास्तरांच्या तोंडात त्यांचे गाव परत येई.

"शाळंत पानी पिताना बी लई बेतानं प्यावं लागतंय बगा, सर. दात सुटला तर भाषा बी सुटंल."

यावर माझी बायको खळखळून हसे. मी कवळीकडे बघत असे.

दात हे एकच असते तर मी निभावून नेले असते. मास्तर पेपरचे पान उलटताना अंगठा जिभेवर नीट टेकवून घेत, पोस्टाचे तिकीट ओले करावे तसा. त्यामुळे आमच्या पेपरचा खालचा उजवा कोपरा रविवारी नेहमी मऊ असे. बातम्या रंगात आल्या की सायकलची किल्ली कानात जाई. गोल गोल फिरवून बाहेर काढलेली किल्ली ते उजेडात धरत, समाधानाने बघत आणि खाटेच्या कडेला पुसत. शेंगदाणे पुढे ठेवले तर प्रत्येक दाण्याचे साल काढून परत त्याच बशीत टाकत. मग बशी माझ्यापुढे सरकवून म्हणत, "घ्या की सर, सोललेलेच घ्या."

मी एकदा बायकोला सांगून टाकले, "मास्तरांचा कप वेगळा ठेव."

"म्हणजे?"

"म्हणजे वेगळा. चहा पिऊन झाल्यावर उरलेल्या चहात कवळी खंगाळतात ते. पाहिलंस ना तू?"

"पाहिलं. पण कप धुतेच की मी."

"धुतला तरी."

आमच्या लग्नात आलेल्या कपांपैकी एकाचा कान तुटला होता. तो मास्तरांचा झाला. बाकीचे कप फडताळात, हा मोरीवरच्या खिडकीत. बाकीचे साबणाने धुतले जात, हा राखेने. पहिल्या दिवशी बायको तो कप मोरीवरून उचलून देताना म्हणाली, "नेऊन तुम्हीच द्या. मला नाही जमायचं."

मी नेऊन दिला. मास्तरांनी दोन्ही हातांनी धरून घेतला. कान नसल्यामुळे चटके बसत होते, म्हणून बोटे आलटून पालटून. "झकास झालाय चहा," एवढेच म्हणाले.

एकदा घरात पाहुणे असताना गडबडीत बायकोने त्यांना दुसऱ्याच कपात चहा दिला. ते गेल्यावर मी तो कप उकळत्या पाण्यात घातला, राखेने घासला, पुन्हा साबणाने घासला. तरी त्यानंतर कित्येक दिवस चहा तोंडाला लावण्याआधी मी कपाच्या काठाचा वास घेत असे. पुढे ती सवयच जडली. हॉटेलात गेलो तरी मी कप हुंगतो. बायको म्हणते, "तुमचं हे बघून समोरच्याला काय वाटत असेल?"

हे सगळे करणारा मी कोण होतो? शाळेत समतेवर भाषणे देणारा. मुलांकडून त्या विषयावर निबंध लिहून घेणारा. मास्तरांना स्टाफरूममधून घरी बोलावणारा मी पहिला, याचा मला मनातून अभिमान होता. "आमच्याकडे दर रविवारी येतात ते," असे मी चारचौघांत मुद्दाम सांगे. कपाचे सांगत नसे. तो आरोग्याचा प्रश्न होता.

मास्तर निवृत्त झाले तरी रविवार चालू राहिला. मग त्यांची साठी आली. एक जूनला. आमच्या शाळेत निम्म्या शिक्षकांचा जन्म एक जूनचा होता. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की त्या वेळचे हेडमास्तर शाळा भरायच्या सोयीची तारीख टाकून देत.

"आई म्हनायची, ज्वारी काढायला आलती तवा झालास," मास्तर सांगत. "म्हंजी थंडीतला. पन सरकारनं उन्हाळ्यात जन्म दिला, तर उन्हाळा."

बायकोने ठरवले की मास्तरांची साठी आपल्याकडे करायची. मी विरोध केला नाही. मला ती कल्पना आवडलीच. आपल्या घरात हे होते आहे, याचे आधीच कौतुक वाटू लागले.

एक जूनला सोलापुरात काय ऊन असते ते तुम्हाला माहीत आहे. त्यात तिने कणकेचे साठ दिवे केले आणि परातीत मांडून पेटवले. मास्तर नव्या सदऱ्यात, पण दात टीपॉयवरच्या पेपरवर काढून ठेवून, पाटावर बसले होते. घाम मिशीवरून ओघळत होता.

"वहिनी, येवढे दिवे? अंगाला आग लागंल की माज्या."

"साठ वर्षं जगायला घाबरला नाहीत, आता काय घाबरता?"

तिने ओवाळले तेव्हा मास्तर दिव्यांकडे एकटक बघत होते. नंतर म्हणाले, "साठ वर्सं म्हंजी नजरंला लई दिसत्यात. जगताना येवढी वाटली न्हाईत. पोरांकडनं पेले आन तांबे काढून घेतले, संपली."

जेवण झाले. शेंगापोळी त्यांनी दुधात कुस्करून खाल्ली. बायकोने चहा आणला. त्या दिवशी तिने सगळ्यांना चांगल्या कपात चहा केला होता, मास्तरांनाही. मला ते दिसले. पण सणाचा दिवस होता.

मास्तरांनी कप हातात घेतला, फिरवून बघितला आणि खाली ठेवला.

"वहिनी, ह्यो माजा न्हाय. माजा आना की."

"कुठला, मास्तर?" मीच विचारले.

"बिनकानाचा. मोरीच्या खिडकीतला." ते माझ्याकडे वळले. "सर, मी ड्राइंग मास्तर हाय. उभा जलम पोरांना कपाचा कान काढायला शिकवला. सगळ्यात अवघड कानच असतोय. तुमच्या घरातल्या समद्या कपांना कान हाय, आन मला मिळतोय त्येला न्हाय, ह्ये मला दिसनार न्हाय व्हय?"

बायको आत निघून गेली.

"आवो, वाईट न्हाई वाटून घेतलं मी," मास्तर म्हणाले. माझी समजूत घालत होते ते. "आमच्या गावात आमचा कप हाटेलाच्या भाईर खुंटीला असायचा. आपनच उतरवायचा, आपनच धुवायचा. तुमी तर घरात बसवताय. वहिनी धुत्यात. जातीचं कुटं येका दिसात जातंय?"

"मास्तर, जातीचा काही संबंध नाही!" मी जवळजवळ ओरडलो. "शपथेवर सांगतो. तसलं माझ्या मनातही नाही."

"मग?"

तुम्ही काय केले असते? दोन्ही बाजूंनी घाण होती. मी गप्प राहिलो असतो तर एक गोष्ट खरी ठरत होती. बोललो तर दुसरी सांगावी लागत होती. मी टीपॉयकडे बोट केले.

"ह्यामुळे. तुमच्या कवळीमुळे. ती तुम्ही चहात धुता. मला किळस येते, मास्तर. तुमची."

मास्तरांचा जबडा खाली आला. मग त्या पोकळ तोंडातून एक शिट्टीसारखा आवाज निघाला, पोट हलू लागले आणि ते हसत सुटले. डोळ्यांतून पाणी.

"माजी? माजी किळस येती?"

"हो."

"कानात किल्ली घालतो त्येची बी?"

"हो. तिचीही."

"आन पान उलटताना थुका लावतो?"

"हो."

"आन शेंगदान्याची सालं?"

"मास्तर, पुरे."

"आवो पुरं कसं! वहिनी, भाईर या! सरांना माजी किळस येती! माज्या बापाची न्हाय, आज्याची न्हाय, वस्तीची न्हाय. माजी!" त्यांनी छातीवर थाप मारली. "आजवर लोकांनी किळस केली ती माज्या जन्माच्या आदीची. मला बगून, पारखून, माजी सोताची किळस करनारा ह्यो पयला मानूस. साठीला ह्यापरीस काय पायजे?"

बायको दारात उभी होती. हसत होती की रडत होती ते मला कळले नाही.

जाताना मास्तरांनी तो बिनकानाचा कप मागून घेतला. साठीची भेट म्हणून. टोपीत घालून घेऊन गेले. त्या रात्री मला फार हलके वाटले. इतकी वर्षे ज्या किळसेची लाज वाटत होती, तिनेच मला सोडवले होते.

पुढे मास्तर खोली सोडून गावी पुतण्याकडे राहायला गेले. रविवारचा पेपर कोरडा राहू लागला.

गेल्या वर्षी मला पन्नास पूर्ण झाली. पन्नाशीला माणूस मागे वळून बघतो म्हणतात. मी तर पुढ्यातच बघत होतो. माझे मामा आले होते. मामांना तपकिरीचे व्यसन आहे. नाकपुडीतून तपकिरी पाणी मिशीवर उतरते आणि तिथे थांबते. ते चहा बशीत ओतून फुंकर घालत होते आणि थेंब लोंबत होता. मी बघत होतो. थेंब बशीत पडला. मामांनी फुर्रकन चहा ओढला, मग पेढ्यांच्या ताटावर दणदणीत शिंकले, हाताने नाक निपटले आणि तोच हात माझ्या डोक्यावरून फिरवून म्हणाले, "शतायुषी हो."

मी वाकून नमस्कार केला. ताटातला पेढा खाल्ला.

संध्याकाळी चहा पिताना माझ्या लक्षात आले की मी दुपारच्या मामांच्याच कपातून पितो आहे. काठावर निळी रेघ असलेला तो एकच कप आमच्याकडे होता. बायकोने नुसता विसळून फडताळात ठेवला होता. मी हुंगला नव्हता. माझ्या तोंडाची चवसुद्धा बदलली नव्हती.

मामा माझ्या लहानपणापासून आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवावा असे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

मी अर्धा चहा मोरीत ओतला. बायको म्हणाली, "काय झालं? बिघडला का?"

"नाही," मी म्हणालो.

आता प्रश्न असा होता की, मास्तरांना हे सांगायचे की नाही? साठीला दिलेली एकुलती एक भेट पन्नाशीला परत मागायची? न सांगावे तर त्यांचे ते हसणे आठवे, छातीवरची थाप आठवे, आणि मी चोरासारखा होई. एका रविवारी मी एस.टी. पकडली. करकंबला उतरलो आणि विचारत विचारत चालत त्यांच्या वस्तीवर गेलो.

मास्तर छपरात खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. मला बघताच त्यांनी शेजारच्या फळीवरचा कप उचलला. तोच, बिनकानाचा. आत पाण्यात त्यांचे दात होते. दोन बोटांनी ते काढले, झटकले, तोंडात बसवले.

"यावे सर, बसावे. प्रवासात त्रास तर नाही ना झाला?"

मग कपातले पाणी अंगणात फेकले, माठातल्या पाण्याने अंगठा आत फिरवून विसळला आणि पुतण्याच्या सुनेला हाक मारली. तिने त्याच कपात चहा ओतून माझ्यापुढे ठेवला. मास्तरांनी स्वतःसाठी पितळी पेला घेतला.

"घरात कप हा एकच आहे. पाहुण्यांसाठी ठेवला आहे," मास्तर म्हणाले.

मी चहाकडे बघितले नाही. मामांचे सगळे सांगितले. तपकीर, थेंब, बशी, पेढा. "मास्तर, त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. म्हणजे किळस खरी होती. पण नुसती तुमची नव्हती. मामांना मी कधी वेगळा कप ठेवला नाही."

मास्तर ऐकत होते. बाहेर शेळी ओरडत होती. मग त्यांनी दोन बोटे तोंडात घातली.

"जरा मोकळं बसतो," ते म्हणाले आणि दात खाटेवर माझ्या मांडीशेजारी ठेवले.

"मला ठावं हाय की, सर. हेडमास्तर पान खाऊन तुमच्या पेल्यानं चूळ भरायचे, तवा तुमी कुटं पेला येगळा केला? मला तवाच कळलं. पन साठीचा दिस व्हता. वहिनींनी येवढे दिवे लावलेले. तुमी लई जीव तोडून सांगत व्हता. म्हनलं, येका दिसापुरतं खरं मानून घ्यावं. लई ग्वाड वाटलं."

"च्या निवतोय. प्या."

मी कप उचलला. चटका बसला, बोटे बदलली. काठाशी नाक गेले. लवंगेचा आणि शिळ्या लाळेचा वास होता. तळाला काहीतरी पांढरे फिरत होते. मी डोळे मिटून घोट घेतला. घोट परत तोंडात आला. मी तो पुन्हा गिळला. दुसरा घोट घेतला. मास्तर पुढे वाकून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते, मुलाचे चित्र तपासावे तसे.

"आली?" त्यांनी विचारले.

"आली."

"लई?"

"लई."

"कुनाची?"

"तुमची, मास्तर," मी म्हणालो. "तुमचीच."

मास्तरांचे दात माझ्या मांडीशी पडले होते आणि ते तोंडभर हसत होते.